बाराच्या आत मुक्काम

एरॉलच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं : पहाटे पाचला निघायचं, दुपारी बाराच्या आत मुक्कामाला पोचायचं. खाली दोनदा रेघ मारलेली.

डिसेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याची सुरुवात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि पंख्याने उडू नये म्हणून त्याच्यावर साखरेचा डबा आणि बिस्किटांचा पुडा ठेवला होता. त्यांच्या गावापासून, डिंबूलापासून, पश्चिमेला समुद्राकाठच्या एस्परन्सपर्यंत. अडीच हजार किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, आणि मागे तेवीस फुटांची कॅरव्हॅन, म्हणजे गाडीला जोडलेलं चाकांवरचं घर. सामान भरलं की तीन टन.

ग्लेनिस वही वाचत होती. एक एक ओळ, बोट ठेवून.

"एरॉल, दिवसाला अडीचशे किलोमीटर?"

"मग?"

"अरे, तू सकाळी चारशे किलोमीटर तोडून ॲडलेडला जाऊन ट्रॅक्टरचा पार्ट घेऊन रात्रीच्या जेवणाला घरी यायचास."

"तेव्हा मागे तीन टन नव्हते."

"बरं. आणि हे काय? प्रत्येक मुक्कामाला लिहिलंयस, सरळ आत, सरळ बाहेर. एकाही ठिकाणी गाडी मागे घ्यायची नाही?"

"सोपं पडतं. सुट्टीवर चाललोय ना, परीक्षेला नाही."

"वाटेत सेडूनाला समुद्राकाठची जागा मिळत होती. ती सोडून तू रस्त्याकडेची घेतलीस."

"समुद्र चालत जाऊन पण बघता येतो."

ग्लेनिसने पान उलटलं. एरॉल चहात साखर ढवळत बसला, विरघळून गेली तरी ढवळत बसला.

त्या वहीतली प्रत्येक गोष्ट त्याने विचार करून लिहिली होती, आणि प्रत्येक गोष्टीमागे एकच कारण होतं, जे वहीत नव्हतं. पश्चिमेला जाताना सकाळी सूर्य पाठीशी असतो. दुपारनंतर तो समोर येतो, आणि समोर आला की एरॉलच्या उजव्या डोळ्यात मधोमध जो धब्बा होता तो पसरायचा. तव्यावर तेल पसरतं तसा. मागे घेताना आरशात बघावं लागतं, आणि उजव्या आरशात कॅरव्हॅनची कड त्याला दोन जागी मोडलेली दिसायची. म्हणून सरळ आत, सरळ बाहेर.

सुरुवात ऑगस्टमध्ये झाली. दक्षिणेच्या कुंपणाची तार त्याला मधेच खाली झुकलेली दिसली. त्याने उतरून हात लावला. तार ताठ. मग त्याने एक डोळा झाकला, मग दुसरा. डाव्याने तार सरळ. उजव्याने वाकडी. तो बराच वेळ तिथे उभा राहिला, डोळे आलटून पालटून झाकत. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा कुंपणाला डोळे मारतोय.

जवळच्या हॉर्शम शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. डोळ्याच्या मागे बारीक रक्तवाहिन्या गळतायत. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. याच आठवड्यात सुरू करायचं, थांबायचं नाही. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण आहे ती राखता येते. आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही.

एरॉलने मान हलवली, बाहेर आला आणि गाडी चालवत घरी आला. ग्लेनिसला म्हणाला, टायर बघायला गेलो होतो. त्यानंतर दवाखान्यातून त्याच्या मोबाइलवर फोन आला की तो अंगणात जायचा आणि परत येऊन म्हणायचा, टायरवाला. माणूस लई चिकट आहे.

आता हे सगळं त्याने का केलं, तर त्याच्या मते कारण अगदी साधं होतं. गव्हाच्या शेतकऱ्याला उन्हाळा नसतो. नोव्हेंबरात सुगी सुरू होते, ती कधीकधी जानेवारीपर्यंत. लोक ख्रिसमसला समुद्रावर जातात आणि ही माणसं हार्वेस्टरच्या सावलीत उभ्याने थंड मटण खातात. एकेचाळीस उन्हाळे त्यांनी असे काढले. या वर्षी जमीन शेजारच्या डार्सीला कसायला दिली, हार्वेस्टर विकला, त्यातून कॅरव्हॅन घेतली. आयुष्यातला पहिला मोकळा उन्हाळा. आणि आता दर महिन्याला दवाखाना? तो मनाशी म्हणाला, मार्चमध्ये परत आलो की टोचून घेऊ. दिसतंय तोवर बघून घ्यावं.

हे वाक्य त्याला इतकं पटलं होतं की त्यातली गोम तो स्वतःपासूनसुद्धा लपवत होता. न टोचता फिरला तर दिसणंच कमी होणार होतं.

ग्लेनिसने वही मिटली.

"उद्या सकाळी काट्यावर जाऊ या. सगळं भरून वजन करून घेऊ. नाहीतर निम्म्या वाटेत कुणीतरी थांबवून उतरवायला लावेल."

"सुगी चालू आहे. काट्यावर ट्रकांची रांग असेल."

"म्हणून सातला जाऊ."

एरॉल उठला आणि चहाचा कप विसळायला गेला.

धान्याच्या सायलोंपाशी, म्हणजे उंच कोठारांपाशी, वजनकाटा आहे. गावातल्या प्रत्येकाचा गहू त्याच्यावरून जातो आणि कॅरव्हॅनवाले पण तिथेच वजन करून घेतात. एरॉल या काट्यावर भरलेला ट्रक घेऊन किती वेळा चढला असेल याची गणती नाही. खांब कुठे, उतार कुठे, खिडकीत बसून वजन नोंदणाऱ्या मर्व्हला हात कधी करायचा, सगळं अंगात भिनलेलं.

सातलाच अकरा ट्रक होते. डार्सीचे त्यात तीन. रांगेत उभं असताना गाडीतल्या वायरलेसवर ड्रायव्हर लोकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. कुणाच्या गव्हात ओल जास्त, कुणाचा पट्टा तुटला. एरॉलला बरं वाटलं. काही झालं तरी ही आपली माणसं.

त्याचा नंबर आला. काट्याच्या दोन्ही बाजूंना घोट्याएवढा लोखंडी कठडा, पिवळा रंगवलेला. सूर्य डावीकडून, सायलोंच्या मधून येत होता. एरॉलने गाडी चढावावर घेतली आणि उजवा कठडा मधेच आतल्या बाजूला वाकला.

तो वाकलेला नाही हे त्याला माहीत होतं. गेले चार महिने तो हेच करत होता, वाकडं दिसलं की मनातल्या मनात सरळ करून घ्यायचं. रस्त्यावर जमायचं, कारण रस्ता रुंद असतो. इथे दोन्ही बाजूंना वीतभर जागा. किती सरळ करून घ्यायचं? त्याने अंदाजाने गाडी थोडी डावीकडे घेतली.

"डावीकडे चाललायस," ग्लेनिस म्हणाली.

"बघतोय."

"एरॉल, डावीकडे."

"बघतोय म्हटलं ना."

गाडी चढली. कॅरव्हॅन नाही चढली. तिचं डावं चाक कठड्यावर गेलं, सगळी कॅरव्हॅन एका अंगाला कलली, आतमध्ये कपाट उघडून बशा पडल्याचा आवाज आला. मग दाराखालची लोखंडी पायरी कठड्यात अडकून करकरली आणि सगळं थांबलं.

वायरलेसवर कुणीतरी म्हणालं, "पुढे कोण अडकलंय? सुट्टीवाले दिसतायत. यांना सुगीतच बरं सुचतं."

मग डार्सीचा आवाज. "एरॉल आहे रे."

त्यानंतर वायरलेसवर कुणी काहीच बोललं नाही. थट्टा केली असती तर एरॉलला चाललं असतं. ती शांतता मात्र त्याला कानात घट्ट बसल्यासारखी वाटली.

मर्व्ह खिडकीतून बाहेर आला, चाकाकडे बघून डोकं खाजवलं. "पुढे नको घेऊस. पायरी उखडेल. मागेच घ्यावी लागेल, सरळ. मागच्या ट्रकला हटवतो."

एरॉलने आरशात बघितलं. उजव्या आरशात कॅरव्हॅनची कड दोन जागी मोडलेली. डावा आरसा नीट दिसत होता, पण त्यात नुसता कठडा आणि आभाळ. त्याने गिअर टाकला आणि पाय ब्रेकवरच ठेवला. ब्रेकवरून पाय निघेना.

ग्लेनिस कधी उतरली त्याला कळलं नाही. ती त्याच्या खिडकीशी आली.

"उतर."

"घेतो मी. मिनिटभर थांब."

"एरॉल. उतर."

तो उतरला. मागच्या रांगेतल्या ट्रकांच्या काचांमागून लोक बघतायत हे त्याला न बघता कळत होतं. ग्लेनिस चढली, सीट पुढे ओढली, आरसे हाताने फिरवून घेतले.

आता ग्लेनिसबद्दल एक गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. सुगीत धान्याची ट्रॉली ती चालवायची. हार्वेस्टर चालू असताना त्याच्या बाजूने ट्रॅक्टर पळवायचा, धान्य झेलायचं, आणि मग ती अवजड ट्रॉली शेडच्या अरुंद दारातून मागे घालायची. एकेचाळीस सुग्या. तिने कधी शेडचा पत्रा घासला नव्हता. पण गाडीला कॅरव्हॅन जोडली की स्टेअरिंग एरॉलचं आणि ती मागे उभी राहून हात दाखवणार. हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. सगळ्या कॅरव्हॅन पार्कांत तसंच असतं, नवरा आत, बायको बाहेर, आणि शेजारचे खुर्च्या टाकून तमाशा बघणार.

ग्लेनिसने एका हाताने स्टेअरिंग उलटं फिरवलं, दुसरा हात खिडकीबाहेर. कॅरव्हॅन आधी एक वीत मागे आली, मग चाक कठड्यावरून हळूच उतरलं, मग सगळी लांबलचक गाडी उतारावरून मागे सरकत सरळ झाली. ती तिथेच थांबली नाही. गिअर बदलला, परत पुढे आली आणि काट्याच्या बरोब्बर मधोमध उभी राहिली.

वायरलेस चालूच होता. "ग्लेनिसबाई, ट्रकवर येता का? ड्रायव्हर कमी पडतायत."

ग्लेनिसने माइक उचलला. "तुझा ट्रक आधी धुऊन ठेव, मग विचार कर."

सगळे हसले. एरॉल सायलोच्या सावलीत उभा होता. मर्व्हने वजनाची चिठ्ठी आणून त्याच्याच हातात दिली, सवयीने. मर्यादेपेक्षा एकशे ऐंशी किलो जास्त. एरॉल त्या आकड्याकडे डाव्या डोळ्याने बघत राहिला, कारण तेवढ्यापुरतं बघायला काहीतरी मिळालं होतं.

परत येताना ग्लेनिसच चालवत होती. पाच-सहा किलोमीटर मागे पडले. मग कालव्याच्या पुलाअलीकडे निलगिरीची तीन झाडं आहेत, तिथे तिने गाडी सावलीत घेतली आणि इंजिन बंद केलं.

"टायरवाला काय म्हणतो?"

एरॉलने तिच्याकडे बघितलं.

"काल घरच्या फोनवर फोन आला होता," ती म्हणाली. "बाई होती. डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय म्हणाली, तुला निरोप द्या म्हणाली. काय झालंय ते सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. मला वाटलं चष्मा लागला असेल आणि साहेबांना लाज वाटत असेल. म्हणून रात्री वहीतली एक एक ओळ विचारत बसले. म्हटलं, कुठल्यातरी ओळीला सांगेल."

"सांगणार होतो."

"कधी?"

"मार्चमध्ये."

ग्लेनिसने स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "किती दिसतं?"

मग त्याने सांगितलं. आधी तुटक, मग भडाभडा. कुंपणाची तार, डॉक्टरीणबाई, इंजेक्शन, गाडी चालवायची नाही ते. पाठीशी सूर्य. सरळ आत, सरळ बाहेर. "सगळा हिशेब केला होता मी, ग्लेनिस. एक दिवस असा नाही की मी विचार केला नाही."

"डोळ्याचा विचार केलास."

"हो."

"माझा?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही.

"समोरून तीन-तीन डबे ओढत ट्रक येतात त्या रस्त्यावर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि एरॉलला तो चढलेला परवडला असता. "ऐंशी टनांचे. त्यांच्या बाजूने जाताना कॅरव्हॅन हलते, वाऱ्याने. आणि मी तुझ्या शेजारी बसून विणकाम करत राहिले असते. तुला दिसतंय असं समजून. तुझ्या वहीत मी कुठे आहे, ते सांग मला."

कालव्यावरून दोन पोपट ओरडत गेले. एरॉलकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायला लाज वाटत होती.

"मला तुला न्यायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "एकेचाळीस वर्षं तू माझ्या धुळीत ट्रॅक्टर चालवलास. मला वाटलं, एकदा तरी मी चालवीन आणि तू बसशील."

"आणि बसून काय बघीन? तुझा अंदाज?"

यावर त्याला हसू आलं, आणि हसता हसता नाक ओढावं लागलं.

ती पण थोडी निवळली. मग एकदम त्याच्याकडे वळून म्हणाली, "डावा डोळा झाक."

"कशाला?"

"झाक म्हणते ना."

त्याने झाकला.

"मी कशी दिसते?"

खोटं बोलायची त्याची इतक्यातली सवय तोंडापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "केस दिसतात. कानातलं दिसतं, गळा दिसतो. मधे काही नाही. करडं आहे नुसतं."

ग्लेनिसने मान हलवली. तिने रडावं असं त्याला क्षणभर वाटलं, म्हणजे मग समजूत काढता आली असती. ती रडली नाही. तिने गाडी सुरू केली आणि रस्त्यावर घेण्याआधी उजवीकडे दोनदा बघितलं.

घरी आल्यावर तिने फुटलेल्या बशा झाडल्या, चहा केला, आणि फोन आणून त्याच्यासमोर नकाशावर ठेवला.

"लाव."

"ग्लेनिस, दर महिन्याला टोचायचं म्हटलं तर जाणंच राहिलं. तीन महिन्यांचा प्रवास आहे."

"तिकडच्या लोकांना डोळे नाहीत का? विचार तिला. वाटेत कुठे होतं ते विचार."

त्याने लावला. पलीकडची बाई चार महिने पाठलाग करून इतकी दमली होती की आधी तिला खरंच वाटेना. "तुम्ही स्वतः बोलताय?" मंगळवारी सकाळी दहा. पहिले तीन डोस इथेच घ्यावे लागतील, मग डॉक्टर ठरवतील तिकडे कुठे सोय लावायची. आणि येताना सोबत कुणी आणा, गाडी चालवून परत जाता येणार नाही.

पहिले तीन इथेच. म्हणजे फेब्रुवारी संपणार. उन्हाळा संपणार.

फोन ठेवून एरॉलने नकाशाकडे बघितलं. त्याच्या मनातून काहीतरी निसटलं, आणि खरं सांगायचं तर ते निसटताना त्याला हलकंही वाटलं. चार महिने तो रोज सकाळी उठून आधी एक डोळा झाकून छतावरच्या पट्ट्या मोजत होता. आज कुणालातरी माहीत होतं.

"मार्चमध्ये निघू," ग्लेनिस म्हणाली. तिने त्याची वही ओढली आणि कोरं पान काढलं. "ऊन कमी असतं. माश्या पण कमी."

"मार्च म्हणजे उन्हाळा नाही."

"तुझ्या ख्रिसमसचं म्हणतोयस? या ख्रिसमसला कॅरव्हॅन नदीकाठी लावू. गावातल्या गावात. दोन किलोमीटर. थंड मटण, पण बसून." ती लिहायला लागली. "आणि तुझी ती मोठी हत्यारांची पेटी घरी राहील. एकशे ऐंशी किलो काही माझ्या साबणाचं नाही."

"रस्त्यात काही मोडलं तर?"

"तर मी कुणालातरी हाक मारीन, तू उभा राहून सल्ला दे. ते तुला येतं."

मंगळवारी नऊला ते निघाले. कॅरव्हॅन नाही, नुसती गाडी. एरॉल सवयीने उजव्या दाराकडे गेला. ग्लेनिस आधीच तिथे बसली होती आणि खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. तो वळसा घालून डावीकडे आला.

ही गाडी त्यांच्याकडे चौदा वर्षं होती आणि काट्यावरून परतताना सोडलं तर या बाजूला तो एकदाही बसला नव्हता; त्या दिवशी त्याचं कशाकडेच लक्ष नव्हतं. दार उघडल्यावर त्याला सगळं अनोळखी वाटलं. दाराच्या खणात लोकरीचा गुंडा, खोकल्याच्या गोळ्या, कुठल्यातरी प्रवासात उचललेले दोन शिंपले. तो बसला. पाय ठेवायला खाली बघितलं आणि थांबला.

पायाखालची जाड चटई बाकी सगळीकडे धड होती. फक्त उजव्या कोपऱ्यात, पुढे, एक जागा झिजून पांढरी पडली होती. टाचेएवढी खाली आणि पंजाएवढी वर. रबर पार जाऊन खालचे धागे दिसत होते.

"हे काय?" त्याने विचारलं.

ग्लेनिस पट्टा लावत होती. तिने वाकून बघितलं. "तो माझा ब्रेक."

"इथे ब्रेक नाहीये."

"मला माहितीये. तू ओव्हरटेक करायचास तेव्हा नसतानाही लागायचा."

एरॉल त्या झिजलेल्या जागेकडे बघत राहिला. चौदा वर्षं. चटई इतकी झिजवायला किती दाबावं लागलं असेल याचा त्याला अंदाज बांधता येईना, आणि आता त्याला अंदाज बांधायची भीतीही वाटत होती. त्याच्या आठवणीत तिने एकदाही म्हटलं नव्हतं, हळू घे.

"बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू म्हणायचास, बघतोय."

ती मोठ्या रस्त्याला लागली. समोरून गव्हाने भरलेला एक ट्रक येत होता, चांगला लांब, दोन डबे. रस्ता अरुंद. ग्लेनिसने गाडी कडेला घेतली, तिच्या हिशेबाने पुरेशी. एरॉलला वाटलं, अजून थोडी हवी होती. बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याचा उजवा पाय आपोआप त्या पांढऱ्या जागेवर जाऊन घट्ट दाबला गेला.

ट्रक गेला. गाडी हलली, सावरली.

ग्लेनिसने समोरच बघत विचारलं, "लागला का?"

"नाही," एरॉल म्हणाला. पाय त्याने तिथेच ठेवला.